पन्नास किलो सहाशे, एक्झॅक्ट

१

कर्जतच्या त्या शाळेच्या मैदानावर सकाळी पहिला आवाज घुमला तो कुस्तीचा नव्हता, थोबाडीत मारल्याचा होता.

मारली रंभाजी काकडेनं. खाल्ली छगनशेठ तोरडमलनं. आणि हवालदार माधुरी साळवेच्या हातातला चहा, जो सकाळपासून पहिल्यांदा नशिबात आला होता, तो सगळा तिच्याच बुटावर सांडला.

"काटा मारला ह्यानी!" रंभाजी ओरडत होता. "माज्या पुतनीला काटा मारला! पोरगी दोन दिस उपाशी हाय!"

"मी? मी काटा मारला?" छगनशेठ गाल धरून नाचत होते. "तीस वर्षं कांद्याची आडत हाय माझी! कुनी म्हनून दाखवावं!"

कांद्याच्या व्यापाऱ्याला आईवरून शिवी द्या, एकवेळ तो गिळेल. पण काटा मारला म्हटलं की संपलं. छगनशेठच्या गावची पोरं पुढं सरकली, रंभाजीच्या पिंपळदऱ्याची पोरंही सरकली, आणि मधे उरली एकटी माधुरी.

तिनं शिट्टी फुंकली. दोघांनाही कॉलर धरून मंडपाच्या मागं नेलं.

"एकानं बोलायचं. दुसऱ्यानं तोंड उघडलं तर दोघांना गाडीत घालीन."

भानगड अशी होती. तालुक्याच्या शालेय कुस्त्या. एकोणीस वर्षांखालच्या मुली. रंभाजीची पुतणी संस्कृती पन्नास किलोच्या गटात खेळणार होती. सकाळी वजनं झाली. पन्नासच्या वर एक ग्रॅमही चालणार नाही, असं माईकवरून आधीच सांगितलेलं. संस्कृतीचं वजन भरलं पन्नास किलो सहाशे ग्रॅम. बाद. पुढच्या वर्षी ती वयात बसणार नाही, म्हणजे शाळेकडून जिल्ह्याच्या संघात जायची ही शेवटची संधी होती, आणि ती कुस्ती न खेळताच गेली होती.

काटा छगनशेठच्या आडतीवरचा. शाळेचा काटा बिघडलेला, म्हणून त्यांनी टेम्पोत घालून आणून दिलेला. आणि त्याच पन्नास किलोच्या गटात छगनशेठची पुतणी ओवी होती.

"मग भांडता कशाला?" माधुरी म्हणाली. "परत वजन करा तिचं. पाच मिनिटांचं काम."

रंभाजीनं मान खाली घातली.

"काय झालं?"

"पोरगी लई रडत हुती ओ साहेब," तो म्हणाला. "दोन दिसांची उपाशी. बाद तर झालीच हाय, म्हनलं खाऊ दे. चार वडापाव खाल्ले तिनं. वर बाटलीभर पानी."

माधुरीनं डोळे मिटले. पुरावा पोटात गेला होता.

२

तेवढ्यात ठाण्यातून मोठ्या साहेबांचा फोन. "साळवे, दोन्ही गावं भिडता कामा नयेत. एक्झॅक्ट काय झालंय ते बघा आणि मिटवा."

एक्झॅक्ट.

हा शब्द या तालुक्यात कुणी आणला कोण जाणे, पण सापडला तर माधुरी त्याला आधी आत टाकणार होती. जबाब घेताना दर दोन वाक्यांनी तो शब्द यायचा. एक्झॅक्ट कधी झालं? एक्झॅक्ट जेवायच्या टायमाला. एक्झॅक्ट कुठं? एक्झॅक्ट इथंच, जरा पुढं. किती जण होते? एक्झॅक्ट सात-आठ. ज्याला काही माहीत नसतं तोच हा शब्द सगळ्यात मोठ्यानं म्हणतो, हे तिला नोकरीच्या पहिल्या वर्षातच कळलं होतं.

"आपला काटा एक्झॅक्ट हाय," छगनशेठ म्हणाले. सुरुवातच तिथनं.

"म्हणजे काय?"

"म्हंजे एक्झॅक्ट. म्हंजे आपल्या घरात बेइमानी न्हाई."

"शेठ, मी तुमच्या घराचं नाही विचारत. काट्याचं विचारते."

छगनशेठनी तिथल्या तिथं टेम्पोतून वीस किलोचं लोखंडी माप उतरवलं. काटा वर्गातून व्हरांड्यात आणून ठेवलेलाच होता. खाली स्टीलचा चौकोनी पाट, मागं दांडा, दांड्यावर लाल आकड्यांची पेटी. शेठनी बटण दाबलं, शून्य आलं, शेठनी काट्याला हात लावून कपाळाला लावला आणि माप ठेवलं.

वीस. पुढं सगळी शून्यं.

रंभाजी वाकून वाकून बघत होता. त्यानं पाटाखाली हात घालून बघितला. काही नाही. पेटी उलटीसुलटी केली. काही नाही. शेवटी स्वतःच्या टेम्पोतलं गॅसचं सिलेंडर आणून ठेवायची भाषा करायला लागला, तेव्हा माधुरीनं त्याला खाली बसवलं.

"वजनं चालू असताना तुम्ही आत होतात?" तिनं शेठना विचारलं.

"छ्या! पोरींची वजनं. आत बाप्यामानूस जाईल का? मी काटा लावून दिला आन् बाहेर येऊन बसलो. आत शेळके म्याडम आन् बायडाबाई. त्यांना काय सांगायचं ते सांगितलं आन् आलो."

"ओवी तुमची पुतणी."

"हाय. म्हनून काय झालं? ती तिच्या जोरावर खेळती. माज्या काट्यावर न्हाई." शेठ आता खरंच दुखावले होते. "साहेब, फुकट काटा दिला. मजुरी न्हाई, भाडं न्हाई. वर थोबाडीत खाल्ली. बघा तुमीच."

बघायचं म्हणजे काय बघायचं? काटा बरोबर होता, ते माधुरीनं डोळ्यांनी पाहिलं होतं. मग खोटं बोलत होती ती पोरगी, नाहीतर आतली बाई.

३

आतली बाई म्हणजे ज्ञानेश्वरी शेळके. शाळेच्या क्रीडाशिक्षिका, तासिकेवर. एका हातात शिट्टी, दुसऱ्या हातात पंचांच्या जेवणाची कुपनं, खांद्याला मोबाईल दाबलेला. "हो सर, मंडपवाला आलाय... हो सर, मॅट पुसलीय... हो सर..." फोन ठेवून त्या माधुरीकडं वळल्या तेव्हा त्यांचा चेहरा शेवटच्या तासाला बसलेल्या वर्गासारखा झाला होता.

"हे बघा, मला वेळ नाही. पन्नास किलो सहाशे. एक्झॅक्ट."

माधुरीची दाढ दुखल्यासारखी झाली. "एक्झॅक्ट कशावरून?"

"तीनदा केलं मी तिचं वजन! मलाही वाईट वाटलं. रोज धावते ती पोरगी, मी बघते ना. उतर म्हटलं, परत चढ म्हटलं. पुन्हा पन्नास सहाशे. परत उतर, परत चढ. पुन्हा तेवढंच. एका ग्रॅमचा फरक नाही. आता याहून एक्झॅक्ट काय असतं?"

माधुरीला गेल्या महिन्यातला एक माणूस आठवला. मोटार चोरीचा संशयित. तीनदा जबाब घेतला, तिन्ही वेळा अक्षर न अक्षर सारखं बोलला. शेवटी कळलं, सगळं रचलेलं होतं. एकच खोटं तीनदा सांगितलं म्हणून खरं होत नाही. फक्त पाठ होतं.

"बाकीच्या मुलींची वजनं बरोबर आली?"

"कुणी तक्रार केली नाही. गटात बसल्यावर कोण कशाला तक्रार करेल?"

"संस्कृती कितवी होती?"

"शेवटची. त्यांची दुसरी जीप उशिरा आली."

"मग तिच्यानंतर काटा कुणी हलवला?"

शेळके मॅडमनी कुपनं या हातातून त्या हातात घेतली. "झालं की वजन. आवरलं आम्ही. मला पंचांचं जेवण बघायचंय."

आणि त्या गेल्या. गेल्या कसल्या, पळाल्या.

व्हरांड्यात बायडाबाई झाडू घेऊन बसली होती. शाळेतली शिपाई. साडीचा ओचा वर खोचलेला, तोंडात मिश्री. तिनं माधुरीच्या चहा सांडलेल्या बुटाकडं पाहिलं.

"या. तुमीच राहिला हुता. सकाळधरनं पोरींनी पाय धुऊन धुऊन निस्ता राडा केलाय माज्या व्हरांड्याचा. आता पोलीस आले चिखल तुडवायला."

"मावशी, आत तुम्ही होतात ना? काही वेगळं दिसलं?"

"एक्झॅक्ट?"

"मावशी, तुम्ही पण?"

"आवो सगळे म्हनत्यात. मी म्हनलं तर वंगाळ का?" बायडाबाई हसली. मग आवाज खाली आणला. "येगळं न्हाई दिसलं. पर ती पोरगी उतरली आन् शेळके म्याडमचं त्वांड पांढरं पडलं. पोरगी रडत हुती, ती बगितलीच न्हाई त्यांनी. त्या बघत हुत्या काट्याकडं."

"काट्यावर तर कुणीच नव्हतं."

"त्येच म्हनते मी," बायडाबाई म्हणाली. "कुनीबी न्हवतं."

४

तीन वाजता पन्नास किलोच्या कुस्त्या होत्या आणि सव्वा वाजून गेला होता. मंडपात दोन्ही गावची पोरं दोन बाजूंना बसून एकमेकांकडं बघत दंड चोळत होती.

पिंपळदऱ्याचे वस्ताद पुंजाराम लिंबाखाली सापडले. सत्तरीचे, कान मोडलेले, बोलायला गोड. एवढे गोड की वैताग यावा.

"वस्ताद, संस्कृतीचं वजन घरून निघताना किती होतं?"

"एक्झॅक्ट!"

"किती?"

"एक्झॅक्ट, हाच सवाल हाय."

"पन्नासच्या आत होतं का?"

"एक्झॅक्ट!"

म्हणजे हो. वस्तादांच्या तोंडी त्या शब्दाचा अर्थ फक्त हो एवढाच होता. माधुरीनं कपाळाला हात लावला. शेवटी तिनं वस्तादांना बाजूला सारून पोरींनाच बोलावलं. पिंपळदऱ्याच्या तालमीतल्या सगळ्या पोरी. पहाटे निघायच्या आधी सगळ्यांनी गावातल्या दूध डेअरीच्या काट्यावर वजन केलं होतं.

"घरी किती आणि इथं किती, एवढंच सांगायचं. आणि इंग्रजी शब्द वापरायचा नाही."

पोरी हसल्या. पहिल्या जीपमधून आलेली पहिली पोरगी म्हणाली, घरी जेवढं तेवढंच इथं. दुसरी म्हणाली, तेवढंच, किंचित जास्त असेल. तिसरी म्हणाली, "मला वाटलं डेअरीचा काटा गंडलाय. इथं पावशेर जास्त आलं." दुसऱ्या जीपमधली म्हणाली, अर्धा किलो जास्त. "मी म्हटलं वाटेत केळं खाल्लं त्याचं असेल."

माधुरीनं त्यांना सकाळी जशा रांगेत होत्या तसं उभं केलं. आणि मग तिच्या लक्षात आलं. रांगेत जितकी मागं, तितकी पोरगी जड.

संस्कृती भिंतीला टेकून बसली होती. डोळे सुजलेले, पण आवाज शांत.

"तुझं घरी किती होतं?"

"पन्नासच्या आत होतं. जरासंच आत. पण किती ते मी नाही सांगू शकत, डेअरीचा काटा जुना आहे, आकडा नाचतो." ती थांबली. "साहेब, मी काल दुपारपासून पाणी पण घोटघोटच प्यायले. मला वजन कळतं माझं. अंगाला कळतं. पन्नास सहाशे मी नव्हते."

दिवसभरात पहिल्यांदा कुणीतरी मला नक्की माहीत नाही असं म्हणालं होतं. आणि माधुरीला पहिल्यांदाच एखाद्यावर विश्वास ठेवावासा वाटला.

"शेवटी तू काट्यावर चढलीस तेव्हा काय झालं? सगळं सांग."

"पाय धुतले, चढले. पाय गारठले होते. मॅडम म्हणाल्या उतर, परत चढ. असं तीनदा. मग बाद."

माधुरी उठून उभी राहिली. काटा सुरुवातीला बरोबर होता. आत्ताही बरोबर आहे. मधल्या वेळात तो हळूहळू, एकेका पोरीबरोबर, खोटं बोलायला लागला होता. माणूस असा लबाडी करत नाही. लबाडी करणारा एकदाच आणि एकीलाच करतो. इथं तर ओवीलाही जास्तच भरलं असणार.

तिनं ओवीला विचारलं. ओवी आधी काकाकडं बघत राहिली. मग म्हणाली, "हो, मला पण जास्त आलं. पण मी पन्नासच्या बरीच आत आहे, मग मी कशाला बोलू? काकांच्या काट्याला नाव ठेवलं असतं तर घरी मार खाल्ला असता."

माधुरी म्हणाली, "सगळ्यांना आत बोलवा. काटा पण आत घ्या. सकाळी जे झालं ते मला परत बघायचंय."

५

वर्गात छगनशेठ, रंभाजी, वस्ताद, बायडाबाई आणि पोरी. शाळेचे मुख्याध्यापक राधाकृष्ण सरही आले, स्पर्धेचे तेच प्रमुख. शेळके मॅडमना बोलवायला दोन निरोप धाडावे लागले. त्या दारातच उभ्या राहिल्या.

काटा सकाळच्याच जागेवर ठेवला. बटण दाबलं. शून्य.

"आता वजन कुणाचं? माझंच करा," माधुरी म्हणाली. तिनं बूट काढले, मोजे काढले आणि एक पाय उचलून सरळ स्टीलच्या पाटावर ठेवला.

"ओ! ओ साहेब! आवो काय करताय!" छगनशेठ एवढ्या मोठ्यानं ओरडले की खिडकीतली पोरं मागं पडली. "पाय लावताय काट्याला! लक्ष्मी हाय ती! खाली घ्या पाय! आदी खाली घ्या!"

माधुरी एका पायावर तशीच थांबली. सगळा वर्ग तिच्याकडं बघत होता आणि ती शेठकडं.

"शेठ," ती सावकाश म्हणाली. "काट्याला पाय लावलेला चालत नाही?"

"कसा चालंल? दसऱ्याला पूजा करतो आमी त्याची! हमालबी पाय लावत न्हाई त्याला, तोंडात मारीन!"

"मग सकाळी एवढ्या पोरींचे पाय कशावर होते?"

शेठनी हवेत हातानं चार घड्या घालून दाखवल्या.

"गोनपाटावर," ते म्हणाले. "गोनपाटाची चौघडी टाकायला दिली हुती ना मी. मधी गोनपाट असलं की चालतंय. आन् पोरींनी पाय धुऊन चढायचं. तेवढं सांगूनच मी बाहेर आलो."

"हे तुम्ही मला सकाळी का नाही सांगितलं?"

"त्यात काय सांगायचं?" छगनशेठ मनापासून चकित झाले होते. "देवळात चपला काढून गेलो असं सांगतं का कुनी?"

माधुरीनं पाय खाली घेतला. मग पोरींकडं वळली. "आणि तुम्ही? तुम्ही पण नाही सांगितलं?"

"तुम्ही विचारलंच नाही," पहिली पोरगी म्हणाली.

भिंतीवर डोकं आपटावं असं माधुरीला वाटलं. एवढा वेळ सगळे आकडे सांगत होते. वीस म्हणजे वीस, पन्नास सहाशे म्हणजे पन्नास सहाशे, तिन्ही वेळा तेच. आणि ज्याच्यावर पोरी उभ्या राहिल्या त्याचं नाव कुणी काढलं नव्हतं, कारण पायाखालच्या गोणपाटाला कोण मोजतं?

"ते गोणपाट कुठंय?"

काट्यावर नव्हतं. वर्गात नव्हतं. टेम्पोत नव्हतं.

आणि दारात उभ्या शेळके मॅडम हळूच एक पाऊल मागं सरकल्या.

६

"म्याडमनीच दिलं की मला," बायडाबाई म्हणाली. "टाकून दे म्हनल्या, मागं कचऱ्यात. पर चांगलं गोनपाट कोन टाकतं? मी वाळत घातलंय भितीवर."

माधुरीनं शेळके मॅडमकडं पाहिलंही नाही. आधी काटा. तिनं छगनशेठच्या टेम्पोतून तसलंच एक कोरडं गोणपाट मागवलं. चौघडी केली, पाटावर टाकली. शून्याचं बटण दाबलं. लाल शून्य.

"आता सगळ्या पोरींनी नळावर पाय धुवायचे. पुसायचे नाहीत. एकीनं चढायचं, उतरायचं, लगेच दुसरीनं. सकाळसारखं."

"परत राडा," बायडाबाई म्हणाली, पण बादली तिनंच भरली.

पोरी चढल्या, उतरल्या. ओले पाय, थपथप. सकाळी होत्या तेवढ्या सगळ्या तालमीच्या पोरी, रांग व्हरांड्यापर्यंत. आधी खिदळत होत्या. मग हळूहळू गप्प झाल्या, कारण गोणपाटाचा रंग बदलत होता. आधी ठिपके, मग डाग, मग सगळंच काळपट. तागाचं गोणपाट, ते पाणी पितं, सोडत नाही. प्रत्येक पोरगी पायाला लागलेलं दोन-तीन चमचे पाणी ठेवून जात होती आणि पुढचीच्या वजनात ते मोजलं जात होतं.

शेवटची पोरगी उतरली. माधुरीनं हात वर केला. "आता कुणी चढू नका. बघा."

काट्यावर कुणीच नव्हतं. आणि पेटीवर लाल आकडा चमकत होता. सातशेच्या वर.

रंभाजीनं हात जोडले, कुणाला ते त्यालाही कळलं नसावं. छगनशेठ खाली बसले. एवढी वर्षं ज्या काट्याची शपथ घातली तो रिकामा असताना वजन दाखवत होता, आणि काट्याची चूकही नव्हती. त्याच्यावर जे होतं तेच तो सांगत होता, प्रामाणिकपणे.

राधाकृष्ण सरांनी चष्मा काढून पुसला. "हे झालं आत्ताचं, हवालदारताई. सकाळी एवढंच पाणी होतं कशावरून? मी कशाच्या आधारावर निकाल फिरवू? अंदाजानं पोरगी आत घेतली तर उद्या प्रत्येक जण गोणपाट घेऊन येईल."

बोलणं बरोबर होतं. आत्ताचं गोणपाट वेगळं, आत्ताचे पाय वेगळे. भिंतीवरचं गोणपाट उन्हानं निम्मं वाळलेलं. सकाळचा आकडा आता एकाच जागी उरला होता.

माधुरी शेळके मॅडमसमोर जाऊन उभी राहिली. आवाज चढवला नाही.

"संस्कृती उतरली तेव्हा काटा रिकामा होता. तुम्ही बघितलंत. काय होतं त्याच्यावर?"

मॅडम कुपनांकडं बघत राहिल्या. त्या नाही म्हणू शकत होत्या. मी नाही बघितलं, एवढं म्हटलं की विषय संपत होता. बायडाबाईच्या शब्दाला राधाकृष्ण सर काय किंमत देणार होते ते सगळ्यांना माहीत होतं.

"मॅडम," भिंतीजवळून संस्कृती म्हणाली. रडत नव्हती. "तुम्ही पन्नास सहाशे माईकवर सांगितलंत. ते पण ऐकलं मी. आता जे असेल ते पण सांगा."

"तू काट्यावर असतानाच मी हातातल्या माईकवर बोलून गेले होते गं!" शेळके मॅडमचा आवाज एकदम फुटला. "सगळ्या मैदानानं ऐकलं होतं. आणि मग तू शेवटची उतरलीस तेव्हा पहिल्यांदा तो आकडा दिसला. सकाळपासून मीच मंडप बघायचा, मीच मॅट पुसायची, मीच पंचांची जेवणं, मीच वजनं. तासिकेवरची बाई मी, वर्षाअखेर काढून टाकली तर कुणी विचारणार नाही. मला वाटलं आता म्हटलं की माझी चूक झाली, तर सगळ्या पोरींची वजनं परत, सगळ्यांची तर केळी-बिळी खाऊन पण झाली, सगळी स्पर्धाच रद्द. एका पोरीसाठी..." त्या थांबल्या. एका पोरीसाठी म्हटल्यावर त्यांना ती पोरगी समोर दिसली असावी. "आठशे. रिकाम्या काट्यावर आठशे ग्रॅम होतं."

हिशेब सगळ्यांनी मनातल्या मनात केला. पन्नास सहाशेतून आठशे.

"पन्नासच्या आत," राधाकृष्ण सर म्हणाले. "बाकीच्या सगळ्या जास्त भरून सुद्धा आपापल्या गटात बसल्या. म्हणजे स्पर्धा रद्द करायचं कारणच नाही. आत घ्या तिला." मग मॅडमकडं वळून, जरा वेगळ्या आवाजात, "माईकवर तुम्हीच सांगा. माझ्या शेजारी उभं राहून."

रंभाजी छगनशेठजवळ गेला. माफी मागायचा त्याला सराव नव्हता. "शेठ, ते सकाळचं..."

"लांब उभा रहा," शेठ गाल चोळत म्हणाले. "तिथनंच बोल."

७

तीनला कुस्त्या लागल्या. संस्कृतीनं पहिली कुस्ती काढली, कशीबशी. अंग जड झालेलं, पावलं मागं पडत होती, पण समोरची पोरगी कच्ची होती. मग अंतिमला ओवी.

दोन्ही गावं मॅटभोवती. माधुरी मधे उभी, दोन्ही बाजूंना पाठ न करता, म्हणजे तिरकी. ओवी चपळ होती. आत घुसून तिनं एकेरी पट काढला, म्हणजे एकच पाय धरून खेचला, आणि संस्कृतीला फिरवलं. संस्कृती उठली, तिनंही गुण घेतले. मग पुन्हा ओवीनं तोच पट, त्याच पायाला. शिट्टी वाजली तेव्हा ओवी दोन गुणांनी पुढं होती.

पंचांनी ओवीचा हात वर केला. छगनशेठच्या गावानं आरडाओरडा केला.

संपलं. जिल्ह्याच्या संघात ओवी.

रंभाजी तोवर मॅटच्या कडेला पोचला होता. बाह्या वर. "पंचाला दिसत न्हाई का? पाय बाहेर हुता! आन् पोरीला खायला लावून लढवलं, ही काय कुस्ती हाय? हवालदारीनबाई, लिवून घ्या! मी नगरपातूर जानार! एक्झॅक्ट सांगतो..."

"काका." संस्कृती मॅटवरून उतरली. घामानं केस कपाळाला चिकटलेले. "मी हरले."

"आगं पर तो पाय..."

"आतच होता पाय. माझा पाय तिनं दोनदा धरला आणि दोन्ही वेळा मला सोडवता नाही आला. गप बसा आता."

रंभाजी गप्प बसला. बसला म्हणजे खरोखर खाली बसला, मॅटच्या कडेला, चपला हातात घेऊन.

संस्कृती पाणी न पिता उलट्या दिशेनं गेली, जिथं ओवीला खांद्यावर उचलायची तयारी चालली होती. पोरं बाजूला झाली. माधुरीनं शिट्टी ओठांत धरली.

"ए," संस्कृती म्हणाली, "तो पट तू धरल्यावर गुडघा कुठं लावतेस? दुसऱ्यांदा मला हलताच आलं नाही."

ओवीनं आधी तिच्याकडं बघितलं, मग खाली. मग खांद्यावर उचलणाऱ्यांना ढकलून ती उतरली. "उभी रहा. दाखवते. पाय जरा पुढं घे... नाही, जास्त नाही, एवढाच."

गवतात, मॅटच्या बाहेर, दोघी परत एकमेकींना भिडल्या. एकदा सावकाश, एकदा जोरात. तिसऱ्या वेळी संस्कृतीनं पाय सोडवला आणि ओवी पाठीवर पडून हसायला लागली.